काळजाचं माप

डॉक्टरीण तशी गुणी मुलगी. तिची चूक एवढीच, की त्या दिवशी तिने सोपं बोलायचं ठरवलं.

"आजी, अवघड नावं घेत नाही, सोप्या शब्दांत सांगते," ती म्हणाली. "तुमचं काळीज कमजोर झालंय. म्हणून लाल औषध अर्धंच देणार आहोत."

जिजीने आधी सुनेकडे पाहिलं, मग डॉक्टरणीकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिघांपैकी कुणीही हसत नव्हतं.

"कुणाचं काळीज?" जिजीने विचारलं.

"तुमचं."

"कमजोर?"

"थोडं. घाबरू नका."

घाबरू नका! हे जिजीला सांगत होती, कालची पोर! जिजीने चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं. शाळांचे गणवेश, नर्सांचे झगे, वकिलांचे डगले, सगळं तिच्या कैचीखालून गेलं. एकदा दुकानाला आग लागली तेव्हा ती जळत्या दारातून उलटी आत गेली आणि मशीन कडेवर घेऊन बाहेर आली. नवरा गेल्यावर ज्या दिराने दुकानाला कुलूप लावायचा बेत केला होता, तो अजूनही तिला पाहिलं की रस्ता ओलांडतो. छातीतल्या गाठीचं कळलं त्या दिवशी मुलगा रडला, सून रडली, आणि जिजीने दोघांना गप्प करून अठरा गणवेशांची बटणं लावून घेतली. आणि आता हिचं काळीज कमजोर.

"चल गं," ती सुनेला म्हणाली. "अर्धं तर अर्धं. पण लक्षात ठेवीन मी."

सून बिचारी मागून चालली. तिला 'काळीज' ऐकू आलंच नव्हतं. ती तेव्हा कागदावरचे आकडे वाचत होती. 'जुन्या काविळीमुळे लिव्हर थकलेलं, कावीळ मोजायचा आकडा दोन' असं त्यावर लिहिलं होतं, आणि सुनेला वाटलं जिजीला ते समजलंय. जिजीला एखादी गोष्ट समजली नाही, असं त्या घरात कुणाला वाटायची सोयच नव्हती.

औषध द्यायची खोली लांबट. दोन्ही बाजूंना मागे कलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी उंच खांब, खांबाला पिशवी. जिजी आपल्या खुर्चीत ताठ बसली. गळ्यात टेप होताच. तो ती दवाखान्यात येतानाही काढत नसे. "डॉक्टरांच्या गळ्यात त्यांची नळी, माझ्या गळ्यात माझा टेप," असं म्हणायची. डोक्यावरचे केस पहिल्याच खेपेला गेले होते. त्यावर तिने स्वतः शिवलेली टोपी होती, अस्तरासकट.

शेजारच्या खुर्चीत बँडमास्तर होते. पितळी वाद्यांच्या बँडचे मालक, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. नर्सने नुसता कापूस हातात घेतला आणि मास्तरांनी डोळे मिटून "आई गं!" म्हणून असा सूर लावला, की कोपऱ्यातल्या एका रुग्णाने कानावर हात ठेवले.

"अहो मास्तर, अजून सुई उघडलीसुद्धा नाही," नर्स म्हणाली.

"नका उघडू!" मास्तर म्हणाले.

सुई गेली. मास्तरांचे पाय हवेत गेले. एक चप्पल उडून जिजीच्या मांडीवर येऊन पडली. जिजीने ती दोन बोटांत धरून खाली ठेवली आणि मास्तरांच्या खांबाकडे पाहिलं. पिशवी पूर्ण. लालभडक, गच्च.

"यांना केवढं?" तिने नर्सला विचारलं.

"त्यांना पूर्ण डोस आहे, आजी."

"ह्यांना? पूर्ण?"

"हो. त्यांचं सगळं चांगलं आहे."

जिजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकावर केस नसल्यामुळे ती आग टोपीलाच लागते की काय असं सुनेला वाटलं. कापूस पाहून किंचाळणाऱ्या माणसाचं काळीज चांगलं! आणि जळत्या दुकानात शिरणाऱ्या बाईचं कमजोर! जिजीने ठरवलं, पुढच्या खेपेपर्यंत काळीज असं ठणठणीत करायचं, की डॉक्टरणीने स्वतःहून म्हणावं, आजी, चुकले, घ्या पूर्ण.

आता काळीज ठणठणीत करायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न होता. कुणाला विचारणं जिजीला जमणारं नव्हतं. विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं कबूल करणं. तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सुनेच्या खोलीत बटणांचा डबा शोधायला गेली, आणि फळीवर मागच्या बाजूला तिला एक बाटली दिसली. काळपट पाण्याची. वर चिठ्ठी चिकटवलेली.

अक्षर विहीणबाईंचं. ते जिजीने लांबूनच ओळखलं, कारण त्या बाईंचं अक्षर त्यांच्यासारखंच, पसरट आणि एकमेकांवर रेलणारं. विहीणबाई म्हणजे सुनेची आई. पाळंमुळं आणून उकळणं हा त्यांचा छंद, आणि त्यांच्या हातचं काही तोंडात घालायचं नाही ही जिजीची बारा वर्षांची शपथ. लग्नाच्या बोलणीत त्या म्हणाल्या होत्या, "शिंपीणबाईंचं घर आहे, मुलगी निदान उघडी तरी राहणार नाही." जिजी ते विसरली नव्हती. जिजी काहीच विसरत नसे, फक्त वाचायला तेवढी शिकली नव्हती.

दुसरीतूनच तिची शाळा सुटली होती. अक्षरं ओळखीची होती. पण काना, मात्रा, वेलांटी म्हणजे तिच्या लेखी कापडाची झालर, असली तरी कापड तेच आणि नसली तरी तेच. तिने बाटली उजेडात धरली आणि बोट ठेवून वाचलं. क. ळ. ज. र.

"काळीज रे," जिजी मोठ्याने म्हणाली, आणि दचकली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं 'काळे जिरे'. त्याखालची ओळ तेलाच्या डागात बुडाली होती. डागातून डोकं वर काढून उरलं होतं एवढंच: 'च्या मुळाशी, रोज दोन चमचे.'

मुळाशी! म्हणजे दुखण्याच्या मुळाशी जाणारं. दुसरा काय अर्थ असणार? विहीणबाईंनी लेकीला काळजाचं औषध दिलंय. बरोबरच आहे, ती पोरगी झुरळाला भिते. जिजीने दाराकडे पाहिलं, शपथेला क्षणभर बाजूला बसायला सांगितलं, आणि दोन चमचे घेतले.

चव अशी होती, की डोळ्यांतून पाणी आलं, कानांतून वाफ आल्यासारखं झालं आणि जीभ घशात जाऊन लपली. जिजी खूश झाली. एवढं वाईट लागतंय म्हणजे नक्कीच कामाचं असणार.

मग रोजच सुरू झालं. सून आंघोळीला गेली की जिजी फळीपाशी. दोन चमचे, तोंड वाकडं, आणि परत मशीनवर. काळीज बळकट होतंय का ते तपासायला ती मधूनमधून स्वतःची परीक्षा घेई. एकदा गल्लीतल्या भुंकणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली. कुत्रं कंटाळून निघून गेलं. जिजीने ते औषधाच्या खात्यावर जमा केलं, जरी ते कुत्रं तिला गेली चार वर्षं भीत होतं.

बाटली भराभर उतरू लागली, ते सुनेच्या लक्षात आलं. तिचा संशय सरळ नवऱ्यावर गेला. त्याला कारण होतं. बाटलीत होतं केस वाढायचं औषध, आणि नवऱ्याच्या डोक्याचा मधला भाग गेली पाच वर्षं इस्त्रीच्या फळीसारखा झाला होता.

"तू लावतोस ना?" सूनबाई दुकानात, काउंटरच्या मागे, दबक्या आवाजात म्हणाली.

"काय लावतो?"

"माहितीये तुला काय. वाक जरा. वास घेऊ दे."

"अगं गिऱ्हाईक बसलंय!"

"गिऱ्हाइकाला काय, त्याला पण टक्कल आहे. वाक!"

मुलगा वाकला नाही. आपल्या घराण्यात टक्कल मानाने मिरवतात, वडिलांनी मिरवलं, मी मिरवीन, मला असल्या पाण्याची गरज नाही, असं मोठं भाषण त्याने केलं. जिजी मशीनवरून मान न उचलता ऐकत होती. मध्येच म्हणाली, "उगाच माझ्या लेकाच्या डोक्यामागे लागू नकोस." पण नेमकं कशाबद्दल चाललंय ते तिला मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तीन आठवड्यांनी पुन्हा दवाखाना. आधी रक्त दिलं. जिजीने सुई जाताना नर्सकडे रोखून पाहिलं, पापणी हलवली नाही. मग डॉक्टरणीच्या खोलीत गेली आणि शाबासकी घ्यायला बसावं तशी बसली.

डॉक्टरीण कागद पाहत राहिली. कपाळाला आठी पडली.

"आजी, आकडा दोनवरून चार झालाय."

"वाढला?" जिजी म्हणाली. "मग आता पूर्ण द्याल!"

"हा वाढायला नको होता, आजी. हा कमी असावा लागतो." डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "आज काहीच देता येणार नाही. पाचच्या वर गेला तर लाल औषध बंदच करावं लागेल. आणि तेच तर लागू पडलंय. गाठ जवळजवळ निम्मी झाली होती. तुम्ही काही वेगळं घेताय का? गोळ्या, काढे, पाळंमुळं, कुणी दिलेलं काही?"

"छे," जिजी म्हणाली.

"नक्की?"

"डॉक्टर, जिजी शेजाऱ्यांकडचा चहासुद्धा घेत नाहीत," सून म्हणाली. बिचारीने अगदी मनापासून सांगितलं.

"मग काळजीचं आहे," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "काहीच घेत नसाल, तर आजार तिथपर्यंत पोचलाय की काय ते पाहावं लागेल. सोनोग्राफी लिहून देते. तिथे खरंच काही निघालं तर सगळं औषधच बदलावं लागेल, आणि दुसरं एवढं लागू पडेलच असं नाही. बाहेर बसा, नंबर येईल."

बाहेर बाकावर बसल्यावर जिजीच्या पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. ती भीती होती, पण जिजीची आणि भीतीची तोंडओळख नसल्यामुळे तिला वाटलं भूक लागलीय. निम्मी झालेली गाठ पुन्हा वाढणार. औषध बंद. ती मनात म्हणाली, आता चार चमचे घ्यायला हवेत.

तेवढ्यात बँडमास्तर आले, हातात निळा कोट घेऊन.

"जिजी, बरं झालं भेटलात! बँडचा कोट बसत नाही हो. औषधाने भूक मेली असं सगळे म्हणतात, माझी तर वाढली. इथेच माप घ्याल का?"

कामाला जिजी कधी नाही म्हणत नसे, आणि हात रिकामे ठेवण्यापेक्षा बरं. तिने टेप काढला. मास्तर समोर उभे राहिले, आणि टेप पोटाला लागताच त्यांनी श्वास ओढून पोट पाठीला नेऊन लावलं. चेहरा पितळेसारखा चमकायला लागला.

"पोट सोडा," जिजी म्हणाली.

"एवढंच आहे," मास्तर श्वास धरून म्हणाले.

"मास्तर, चाळीस वर्षं मी पोटं मोजतेय. सोडा म्हणते ना! माझ्यापासून लपवून काय मिळणार? मी काय तुमची वधूपरीक्षा घेतेय? खोटं माप दिलंत तर कोट तसाच होईल, आणि भर वाजवताना बटणं उडून कुणाच्या तरी डोळ्यात जातील. माप घेणाऱ्यापुढे पोट आत ओढणारा माणूस म्हणजे..."

इथे जिजी थांबली. तिला चाळीस वर्षांत स्वतःचंच वाक्य मध्ये तोडावं लागलं नव्हतं.

मास्तरांनी पोट सोडलं. टेप जिजीच्या हातातून सहा बोटं पुढे सरकला.

"रागावू नका," मास्तर म्हणाले. "मला मेलं सगळ्याची लाजच वाटते. आणि भीती वाटते ती वेगळी. सुई नुसती दिसली तरी..."

"पण तुमचं काळीज तर चांगलं आहे म्हणे," जिजी म्हणाली. आवाजात जरा टोचणी होतीच. "पूर्ण पिशवी मिळते तुम्हाला."

"ते हो. काळीज ठणठणीत. हे बघा, इथे असतं." मास्तरांनी उजव्या बरगडीखाली बोट खुपसलं. "लिव्हर. मला पण ती डॉक्टरीण काळीजच म्हणाली, तेव्हा मी तिला म्हटलं, बाई, मी तर ससा आहे! तेव्हा तिने चित्र काढून दाखवलं. औषध अंगात गेलं की आपलं काम करतं, मग त्याला बाहेर काढायचं काम या लिव्हरचं. ते थकलेलं असलं तर औषध आत तुंबतं. म्हणून ज्याचं त्याच्या मापाने देतात. धीटपणाशी त्याचा काडीचा संबंध नाही हो. असता, तर मला एक थेंब तरी दिला असता का?"

जिजी बाकावर बसली. टेप मांडीवर गोळा झाला.

म्हणजे कुणी तिला भित्री म्हटलंच नव्हतं. डॉक्टरणीने माप घेतलं होतं आणि त्या मापाचं कापलं होतं, जसं जिजी स्वतः कापते. आणि आपण काय केलं? पोट आत ओढलं. वर त्या थकलेल्या लिव्हरच्या डोक्यावर रोज दोन चमचे विहीणबाई ओतल्या.

आता खरी पंचाईत. आत जाऊन सांगायचं, तर सुनेसमोर सांगावं लागणार. चोरून घेतलं, सुनेच्या फळीवरून, आणि तेही त्या बाईच्या हातचं. जिजीला जळतं दुकान परवडलं असतं. दुकानाला दार तरी होतं.

नंबर पुकारला गेला. सून सोनोग्राफीच्या दिशेने निघाली. जिजी उठली आणि उलट्या दिशेने डॉक्टरणीच्या खोलीत घुसली. आत दुसरा रुग्ण होता. त्याला म्हणाली, "तू कानांत बोटं घाल." त्याने मुकाट्याने घातली.

"मी एक काढा पितेय," जिजी म्हणाली. "तीन आठवडे. दोन चमचे. मघाशी खोटं बोलले."

सून धावत मागून आली होती. "कुठला काढा, जिजी?"

"तुझ्या फळीवरचा. काळजाचा. तुझ्या आईने दिलेला."

सूनबाईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, मग तिने पदर तोंडाला लावला. "जिजी, ते... ते केसांना लावायचं आहे!"

"काय?"

"केसांच्या मुळाशी! काळे जिरे आणि कसलीतरी मुळं. डोक्याला लावायचं!"

कानांत बोटं घातलेल्या माणसाने हळूच एक बोट काढलं.

डॉक्टरीण हसली नाही. खालचा ओठ दातांत धरून तिने टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. सोनोग्राफी करूच, पण आता मला निदान कारण सापडलंय. त्यात काय काय आहे ते कळायला हवं. बनवणाऱ्यांना फोन लावता?"

यापुढे जे झालं ते जिजीला गाठीपेक्षा, सुईपेक्षा, केस जाण्यापेक्षा जड गेलं. सुनेने फोन लावून पुढे केला. जिजीने घसा साफ केला.

"विहीणबाई, मी बोलतेय."

"अगं बाई! तुम्ही? बारा वर्षांत स्वतःहून फोन! कुणी गेलं का?"

"अजून नाही. ती बाटली होती ना, काळ्या पाण्याची. त्यात काय घातलंय?"

"का? तुम्ही लावताय? अहो छान! रोज चोळायची..."

"प्यायले मी."

पलीकडून एक बारीक आवाज आला, उकळीच्या आधी भांडं करतं तसा.

"चवीला कशी होती?" विहीणबाईंनी विचारलं.

"तुमच्यासारखी," जिजी म्हणाली.

आणि दोघी हसायला लागल्या. एवढ्या, की डॉक्टरणीला सात मुळांची नावं लिहून घ्यायला दहा मिनिटं लागली. नावं लिहिताना तिने दोन नावांखाली रेघ मारली आणि मान हलवली. बाटली त्याच दिवशी बंद करायला सांगितलं.

सोनोग्राफीत काही निघालं नाही. पंधरा दिवसांनी आकडा अडीचवर आला.

जिजी पुन्हा त्या लांबट खोलीत खुर्चीत बसली. नर्सने अर्ध्या मापाचं औषध आणलं.

"नीट मोजलंस ना?" जिजीने विचारलं.

"हो आजी, अर्धं."

"अर्धं कुणाचं? मास्तरांच्या मानाने अर्धं. माझ्या मापाचं ते पूर्णच आहे. तसं लिही तिथे."

शेजारी मास्तर नव्या कोटात बसले होते. जिजीने बाजूच्या शिवणीत चांगलं चार बोटं जास्तीचं कापड ठेवलं होतं. शिंपी त्याला माया म्हणतात. मास्तर कोटाची कड उलटून ती सगळ्यांना दाखवत होते. नर्सने कापूस उचलला. मास्तरांनी सूर लावायला छाती भरली, तेवढ्यात जिजीने त्यांच्या तोंडात टेपचं टोक कोंबलं.

"चावा ह्याला. आणि आकडे पुसू नका."

दारात मुलगा आणि सून उभे होते. सून बोटांवर काहीतरी मोजत होती.

"जिजी, रोज दोन चमचे म्हणालात ना? तीन आठवडे?"

"हो. एक थेंब जास्त नाही."

"मग अर्धी बाटली तरी उरायला हवी होती. ती तर रिकामी झाली."

मुलाने छताकडे पाहिलं. मग पंख्याकडे. मग तो अगदी सहज चालत चालत दाराबाहेर निघाला.

"ए!" जिजी खुर्चीतून ओरडली. सुईचा हात जराही न हलवता तिने दुसऱ्या हाताने त्याला खुणावलं. "इकडे ये. वाक."

मुलगा वाकला. सूनबाईने वास घेतला. बँडमास्तरांनी टेप तोंडात ठेवूनच मान पुढे काढली. मधल्या इस्त्रीच्या फळीवर, अगदी कडेला, तीन केस आले होते.

"चार आहेत," मुलगा म्हणाला.

"तीन," जिजी म्हणाली. "माप मला शिकवू नकोस."